दार सांभाळणाऱ्या नंदाताई

माझ्या लिहिण्यात चुका असतील आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची वर्षं आईबापाबरोबर ऊसतोडीच्या फडात गेली, तिथे लिहायचं काम पडलं नाही. ही वही मापांची आहे. पुढच्या पानांवर गावातल्या बायकांच्या छाती, कंबर, बाहीचे आकडे आहेत, म्हणून मी मागच्या बाजूने सुरुवात केली. कुणाला दाखवेन असं वाटत नाही. तरी कधी कुणाच्या हाती लागलीच, तर नंदाताई कशा होत्या ते त्याला कळावं. त्या आता आमच्या काष्टी गावात राहत नाहीत.

बाजारतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. मी तिथे हुक लावायचे, तुरपाई करायचे. नवीन गिऱ्हाईक आलं की एका गोष्टीने दचकायचं. नंदाताई मशीन चालवता चालवता एकदम पाय थांबवायच्या, दोऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलकडे वाकायच्या आणि खणखणीत आवाजात विचारायच्या, "कोण गं? कुणाची तू? नाव सांग, त्याबिगर दार उघडायची न्हाई!"

गिऱ्हाईक बाई इकडेतिकडे बघायची. दुकानाचं दार तर सताड उघडं असायचं.

तो एक गेम होता. त्याचं नाव इंग्रजी आहे, मला लिहिता येत नाही. चार-पाच अनोळखी माणसं आपापल्या घरून एकाच वेळी खेळतात, एकमेकांशी बोलतात. सगळी एका जंगलातल्या लाकडी खोलीत सुरुवात करतात. खोलीत एक चूल, एक कंदील, एक खिडकी आणि एक दार. बाहेर जाऊन चाव्या शोधायच्या आणि जंगलातून सुटायचं. पण बाहेर एक भूत फिरतं. ते खेळणाऱ्या माणसाचंच रूप घेतं आणि परत येऊन दार वाजवतं. दिसायला हुबेहूब माणूस, फक्त बोलता येत नाही. दार उघडलं की आतले सगळे मेले.

सगळे खेळणारे बाहेर पळायच्या घाईत असायचे. नंदाताई कधीच बाहेर गेल्या नाहीत. दोन वर्षं त्या खोलीतच उभ्या होत्या.

पहिल्या दिवशी मात्र त्यांनी मोठाच घोटाळा केला होता. दार वाजलं आणि त्यांनी लगेच उघडलं. भूत आत आलं, पाचही जण मेले. मोबाईलमधून पोरं ओरडायला लागली, "ओ मावशी, काय केलं? कशाला उघडलं?"

"म्हंजे? दारात आलेल्याला उभं ठेवायचं व्हय?" नंदाताई म्हणाल्या. "आमच्यात तसं करत न्हाईत."

"मावशी, भूत होतं ते!"

"मग भुतानं तसं सांगायचं की."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी उघडलं, तिसऱ्या दिवशीही. हात आपोआप जायचा म्हणे. शेवटी त्यांनी गावच्या रीतीनेच मार्ग काढला. आमच्याकडे नवी पोर दिसली की पहिला प्रश्न असतो, कुणाची गं तू? भुताला ते सांगता येत नाही. तेव्हापासून त्या दाराला टेकूनच उभ्या राहायला लागल्या. बाहेरून कुणी म्हणायचं, "मावशी, मी जळगावची पूजा, उघडा लवकर." मग ह्या, "जळगावची ते कळलं. कुणाची?" "अहो पाटलांची!" "हां, ये." तोवर त्या पूजाच्या मागे खरं भूत आलेलं असायचं आणि ती किंचाळत आत शिरायची.

कापड कापायच्या पाटावर त्यांनी खडूने ती खोली काढून ठेवली होती. नव्या पोरांना समजावायच्या. "पळू नका, त्याला पावलं ऐकू येत्यात. सगळ्यांनी एकदम कालवा करू नका. कंदिलात तेल घालायची एकेकाची पाळी लावा. घाबरलात तर चुलीमागं बसा, तिथं कुणी काय करत न्हाई." कॉलेजची पोरं गुपचूप ऐकायची. कुणी म्हणायचं, मावशी, तुम्ही बाहेर का येत नाही, मजा बाहेर आहे. त्या म्हणायच्या, "तुमी जा. मला मरून चालायचं न्हाई."

का चालायचं नाही, ते मला ठाऊक होतं.

त्यांची एकुलती मुलगी सोनल. नवरा लवकर गेला, त्यांनी शिवणावर तिला वाढवलं. तो गेम तिचाच. दुकानात बसून खेळायची, आईच्या मोबाईलमध्येही तिनेच घालून दिला होता, आपण दोघी खेळू म्हणून. पुढे सोनलने आपल्या मनाने लग्न केलं. लग्नानंतर चार दिवसांनी ती नवऱ्याला घेऊन दुकानाच्या दारात आली. मी कोपऱ्यात हुक लावत होते. नंदाताई कापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "माप द्यायचं असलं तर आत ये. न्हाईतर दार सोड, उजेड अडतोय."

सोनल थोडा वेळ उभी राहिली. मग दारात उजेड पडला. नंदाताई कापतच राहिल्या. संध्याकाळी बघितलं तर त्या कापडातून त्यांनी ब्लाउजच्या दोन पाठीच कापल्या होत्या, पुढचा भाग कशातूनच निघेना.

सोनलने नंबर बदलला. चाकणकडे कुठेतरी राहते एवढंच कळलं. पण गेममध्ये ओळखीच्यांची एक यादी असते. जो खेळत असेल त्याच्या नावापुढे हिरवा टिपका लागतो. नंदाताई दिवसातून शंभरदा ती यादी उघडायच्या. सुई ओवताना, चहा पिताना, गिऱ्हाईकाची बाही मोजताना. टिपका दिसला की म्हणायच्या, "हाय बरं का. बरी असंल." नाही दिसला की पाय हलायला लागायचा, उठायच्या, रस्त्यावर जाऊन उभ्या राहायच्या, परत यायच्या. एकदा नऊ दिवस टिपका लागला नाही. त्या नऊ दिवसांत त्यांनी शिवलेलं सगळं मला उसवावं लागलं.

एकदाच त्या धीर करून सोनलच्या खोलीत शिरल्या होत्या. यादीतून तसं जाता येतं, मधेच आलेला माणूस दाराबाहेर उतरतो. ह्या आत गेल्या आणि सोनल त्याच क्षणी निघून गेली. पुढे आठवडाभर टिपका नाही. "पुन्यांदा मी जायची न्हाई," त्या म्हणाल्या. "दार मी लावलंय. यायचं तर तिनं यायचं. पण ती येईल त्या वक्ताला मी आत पायजे. मेले की खोली बंद पडती. ती आली अन् मी मेलेली असले तर?"

म्हणून त्या मरत नव्हत्या. एक खोली संपली की लगेच दुसरी उघडायची आणि पुन्हा दाराला टेकून उभं राहायचं. लिहून निरोप पाठवायचीही सोय होती. त्या लिहायच्या आणि पुसायच्या. मी काही बोलायचे नाही.

मी कुणाशीच काही बोलायचे नाही. गिऱ्हाईक आलं की भिंतीकडे तोंड करून बसायचे. नंदाताई म्हणायच्या, "सुमे, तोंडात टाचण्या धरल्यात का? एक शब्द टाक की बाहेर." मी हसायचे. बायकांना वाटायचं मी मुकी आहे. दोघी-तिघींनी तर मला हातवारे करून बाहीची लांबी सांगितली होती.

पण नंदाताईंना कधी माप घ्यायला बाहेर जावं लागे, कधी बँकेत. तेव्हा मोबाईल माझ्या हातात यायचा. कंदिलात तेल घालणं मला जमलं. उभं राहणंही जमलं. दार वाजलं की मात्र माझी जीभ टाळूला चिकटायची. अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत मी कशी विचारणार, कुणाची म्हणून? मी न विचारता दार बंदच ठेवायचे. त्यात एकदा ती जळगावची पूजा बाहेर राहिली. "मावशी, मी आहे, मी आहे," म्हणत होती. मला तिचा आवाज ओळखता येत होता. पण आतली दोन पोरं ओरडत होती, उघडू नका, आणि त्यांना उलट बोलायची मला लाज वाटली. पूजा दारातच मेली.

नंदाताई आल्यावर मी खाली मान घालून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "उद्या सोनी आली अन् तू अशीच गप बसलीस तर मी काय करू, सांग बरं."

त्यानंतर महिनाभराने, एका बाजारच्या दिवशी, नंदाताई तळाच्या पलीकडच्या वस्तीवर गेल्या. एका लग्नघरातल्या सात बायकांची मापं होती. मोबाईल माझ्याकडे. दुपारचे तीन वाजले असतील. खोलीत मी आणि तीन अनोळखी पोरं. मी सहज यादी उघडली तर सोनलपुढे टिपका होता. बंद केली आणि दार वाजलं.

फटीतून बघितलं. बाहेर पिवळ्या रेनकोटात, टोपी पुढे ओढलेलं कुणीतरी उभं होतं. सोनल नेहमी पिवळा रेनकोट घालायची. पण आमच्या खोलीतल्या एका पोराचाही रेनकोट पिवळाच होता, आणि भूत कुणाचंही रूप घेतं.

"उघडू नका हां," एक पोरगा म्हणाला.

पुन्हा दार वाजलं. बाहेरून आवाज काहीच नाही. सोनल असेल तर ती का बोलेल? तिला वाटत असणार आत आई आहे. तिचीही जीभ उचलत नसेल. आणि भूत असेल तर मी उघडल्यावर नंदाताईंची खोली गेली. माझे हात इतके घामेजले की मोबाईल निसटायला लागला. तो मी पदराने धरला.

"कोण?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"कोण बोललं?" आतला पोरगा म्हणाला. "अरे, ह्या मावशीला बोलता येतं!"

बाहेरचा पिवळा रेनकोट दोन पावलं मागे सरकला. तो वळणार हे मला दिसलं. मग मी काय केलं माझं मला माहीत नाही, पण मोठ्याने ओरडले, "कुणाची गं तू? सांग ना! सांग, मी उघडते!"

समोरच्या किराणा दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

मग अगदी बारीक आवाज आला. "आई न्हाई का तिथं?"

मी दार उघडलं. पोरं किंचाळली, पण काही झालं नाही. ती आत आली.

"सोनल, मी सुमन. हुक लावणारी. ताई मापं घ्यायला गेल्यात, आत्ता येतील, तू जाऊ नको, मी त्यांच्याकडे येते, तू फक्त जाऊ नको." एवढं मी आयुष्यात एका दमात कधी बोलले नव्हते.

"सुमनमावशी? तू बोलतीस?"

"बोलते, बोलते. तू थांब."

दुकान उघडं टाकून मी निघाले. बाजार गच्च भरलेला. शेळ्या, वासरं, टेम्पो, मिरच्यांचे ढीग. एका हातात मोबाईल, नजर त्यातच, कारण कंदिलात तेल घालायची पाळी माझी होती. एका शेळीच्या दोरीत पाय अडकला. शेळीवाला म्हणाला, "ओ बाई, मोबाईल बघत कुठं चालल्यात?" मी त्याला म्हणाले, "बाजूला व्हा!" तो झाला. बाजूला व्हा, बाजूला व्हा करत मी अख्खा तळ ओलांडला. मोबाईलमधून सोनल विचारत होती, "मावशी, काय चाललंय तिकडं? बकरी कुठनं आली?" आणि आतली पोरं हसत होती.

लग्नघराच्या ओट्यावर नवरी हात पसरून उभी होती आणि नंदाताई तिच्या दंडाला टेप लावत होत्या. मी खालूनच ओरडले, "ताई! दारात सोनल आलीय. मी आत घेतलीय."

नंदाताईंनी टेप सोडला. नवरी तशीच हात पसरून राहिली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, त्यातल्या दोघींनी मला मुकी समजून वर्षभर हातवारे केले होते.

मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांजवळ नेला. सोनल आत येऊन खिडकीला टेकून उभी होती. त्या खिडकीतून भूत कधीकधी हात आत घालतं, हे नव्या पोरांना ठाऊक नसतं. सोनलला ठाऊक होतं, तरी ती तिथेच उभी होती. नंदाताईंचे ओठ हलले. दोन वर्षं त्यांनी काय काय ठरवून ठेवलं असेल.

"आई?" सोनल म्हणाली.

"त्या खिडकीपाशी कशाला उभी हायेस?" नंदाताई खेकसल्या. "हात घालतंय ते तिथनं. किती डाव सांगायचं? आत सरक."

मोबाईलमध्ये पिवळा रेनकोट खिडकीपासून हलला आणि दाराशी त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.