भट्टीवाली वेलिका आणि मनातलं हुडकणारं यंत्र

"म्या लिवलंय काय, आन् हे सांगतंय काय? सत्तेची हाव? मला?"

"मी न्हाय म्हनत काकू, यंत्र म्हनतंय," ल्युबेन बोलला. हा नगरपालिकेचा कारकून, वेलिकाच्या चुलतदिराचा पोरगा.

बाल्कन डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावातली राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, भट्टी बंद करायचं नगरपालिकेनं काढलं होतं. हरकत असेल त्यानं लेखी कारण द्यावं. ते कारण एक यंत्र वाचणार आणि शब्दांच्या तळाशी कुठलं मूल्य दडलंय ते हुडकणार. मूल्य चांगलं निघालं तर भट्टी राहील. वेलिकाची उभी हयात त्या तांब्याच्या हंड्यापुढं गेलेली. नवरा वारला, लेकी इटलीला गेल्या, हंडा तेवढा राहिला.

तिनं लिहिलं होतं: भट्टी हवी, कारण कुणाचे आलुबुखार आधी चढवायचे हे ठरवायला गावात कुणीतरी लागतं.

भट्टीपुढं आलुबुखार घेऊन रांगेत बसलेला स्तोइल म्हणाला, "यंत्राला जेवू घाल, वेलिका. तुजी ही हाव कळाया आमाला निम्मं आयुष्य गेलं."

"तू बस नाताळापत्तुर," वेलिका म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिनं लिहिलं की इथं माणसं जमतात, निखाऱ्यावर डुकराचं मटण भाजतात, गातात. यंत्र म्हणालं, चैन.

आता शेवटची संधी. वेलिका अडली. तिला लिहायचा सराव एकाच गोष्टीचा, मयताच्या कागदाचा. गावात कुणी गेलं की फोटोसकट फाटकावर चिकटवतात तो. वर्ष सरलं की पुन्हा नवा. मजकूर वेलिकाचाच. हात त्याच वळणानं चालला: "आमची लाडकी भट्टी. जन्मभर दुसऱ्यांसाठी जळली. थंडीत कुणाला माघारी धाडलं नाही. तिच्याविना गाव पोरकं." सवयीनं वर हंड्याचा फोटो डकवला, भोवती काळी चौकट मारली.

यंत्र म्हणालं, परोपकार. अगदी निर्मळ.

पण वरच्या साहेबानं चौकट पाहिली आणि भट्टी वारल्याची नोंद केली. मेलेल्याला बंदीचा हुकूम बजावायचा कसा? हुकूम रद्द झाला. ल्युबेन नगरपालिकेतर्फे पुष्पचक्र घेऊन आला.

"मंजी ही चालू म्हनायची का बंद?"

"कागदावर मयत हाय, काकू. धूर तेवढा बेतानं काढा."

"बरं. ते चाक तितं टेकव, वाटंत नगं."

वाफ निसटू नये म्हणून तिनं हंड्याच्या झाकणाच्या कडेनं कणीक लिंपली, ओंडका जाळात सारला आणि रांगेकडं वळली.

"फुडं कोन हाय?"