मावशीचा पहिला ठराव

शिवणकारखान्यात मावशीचं राज्य होतं, आणि ते फार चांगलं राज्य आहे याबद्दल मावशीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हातारा मालक कारखाना बायकांच्या स्वाधीन करून लेकीकडे राहायला गेला, तेव्हा जाताना एवढंच म्हणाला होता की सगळ्या मिळून चालवा. मावशीने त्याचा अर्थ असा लावला, की काम सगळ्यांनी मिळून करायचं आणि चालवायचं आपण. नियम ती करी, राबवीही तीच, आणि कोणी मोडला की चष्मा नाकावर ओढून निवाडाही तीच देई. कापड कापायची लांब कात्री तर तिने कधी कोणाच्या हाती लागू दिली नव्हती.

तिची भाची सकाळी कॉलेजात राज्यशास्त्र शिके आणि दुपारी मशीनवर बसे. एकदा डबा खाताना तिने सांगितलं, की लोकशाहीत कायदे करणारे, ते राबवणारे आणि न्याय देणारे वेगवेगळे असतात. त्यामुळे कोणी डोईजड होत नाही.

"म्हणजे तिघांचं काम मी एकटी करते," मावशी म्हणाली. "आणि तू मलाच नावं ठेवतेस?"

मग एका बॅन्ड पथकाचे कोट शिवायला आले. कापड एका बाजूने चकचकीत. मावशीने थरावर थर रचले, प्रत्येकाची चकचकीत बाजू वर, बाहीचा साचा ठेवला आणि कात्री चालवली. खरं तर एक थर सुलटा, एक उलटा असे रचायला हवे होते. काजं करणाऱ्या बाईने बाह्या उचलून पाहिल्या, तर झाडून सगळ्या डाव्या. अख्ख्या पथकात उजवा हात म्हणून कोणाला उरला नव्हता.

कापड नासवणारीने महिनाभर मागच्या कोपऱ्यात बसायचं, हा मावशीचाच कायदा. मावशीने चष्मा नाकावर ओढला, स्वतःची बाजू शांतपणे ऐकून घेतली आणि स्वतःला निर्दोष सोडलं. दोष कापडाचा निघाला.

एकेक करत सगळ्या मशिनी थांबल्या. भांडण नाही, ओरडा नाही, बायका नुसत्या हात बांधून बसल्या. मावशीने डोळे वटारले, लाडीगोडी लावली, शेवटी ही मी चालले म्हणून पिशवी उचलली. कोणीच अडवेना, तेव्हा ती गुपचूप खाली ठेवली. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत कारखान्याला राज्यघटना मिळाली होती. नियम सगळ्यांनी हात वर करून ठरवायचे, देखरेख मावशीने करायची आणि निवाडा काजवालीने, कारण तिचं कोणाशी भांडण नव्हतं आणि मेतकूटही नव्हतं.

काजवालीने पहिलाच खटला मावशीचा घेतला. "कायदा तुमचाच आहे, मावशी," ती म्हणाली. "महिनाभर कोपरा."

मावशीने घरी जाऊन ही मानहानी नवऱ्याला ऐकवली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात वर करायची पद्धत घरीही आणता येईल का, असं हळूच विचारलं. मावशीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने प्रश्न मागे घेतला.

कोपऱ्यात पंख्याचा वारा नव्हता आणि उजेड असा, की सुईचं नेढं चाचपून शोधावं लागे. शेजारी तुरपाईवाली बसलेली. तू इथे कधीपासून, असं मावशीने तिला विचारलं. एकदा एक कॉलर वाकडी झाली होती, तेव्हापासून, असं उत्तर आलं. महिना संपल्यावर मावशी ऊठ म्हणायला विसरली होती आणि हिने आठवण करून दिली नव्हती. खिडकीजवळची मावशीची जागा आता रिकामी झाली होती खरी, पण ती भाचीने तत्परतेने पटकावली होती.

मावशीने दिवसभरात एकही हुकूम सोडला नाही. तिची तब्येत बरी नाही असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने ठराव मांडला, की जागा दर महिन्याला फिरत्या असाव्यात, म्हणजे कोपरा सगळ्यांच्या वाट्याला येईल.

"नियम केला तेव्हा मी खिडकीत बसले होते," ती म्हणाली. "तिथून कोपरा दिसत नाही."

भाचीने कडाडून विरोध केला. लोकशाहीची एवढी मोठी अभ्यासक, पण खिडकी सुटणार म्हणताच पक्की सरंजामदार झाली. खिडकीच्या रांगेतल्या बाकीच्या बायकाही तिला जाऊन मिळाल्या.

मतदान शनिवारी ठरलं. आता मावशीला मतं मागणं आलं, आणि हुकूम सोडायची सवय असलेल्या जिभेला ते भलतंच जड गेलं. ती मशीन-मशीनपाशी स्टूल ओढून बसली. एकीने तिला जुन्या अपमानांची उजळणी ऐकवली, दुसरीने तिसरीचं गाऱ्हाणं. मावशीने सगळं गिळलं. शनिवार येईपर्यंत तिला त्यात रंगत वाटू लागली होती.

शनिवारी हात वर झाले. तुरपाईवालीने तर भरात येऊन दोन्ही हात वर केले.

"एक खाली घे," मावशी म्हणाली.

"अहो, तुमच्याच बाजूने आहे की."

"म्हणूनच सांगते. एका बाईचं एकच मत."

हात खाली आला आणि मतं समसमान झाली. काजवाली अजून दोरा तोडत होती. तिने मत देऊ नये, ती न्यायाधीश आहे, असं भाची म्हणू लागली. मावशीने तिला थोपवलं. निवाडा करताना ती न्यायाधीश, एरवी मान मोडून काम करणारी आपल्यातलीच एक. काजवालीने कोट मांडीवर ठेवला आणि हात वर केला.

कारखाना दणाणून गेला. तुरपाईवाली रडत होती, मावशी तिला गदागदा हलवत होती. हुकूम तर तिने आयुष्यभर सोडले होते, पण त्यांची चव अशी कधी लागली नव्हती. तिने भाचीलाही मिठी मारली आणि विरोध झकास केलास म्हणून पाठ थोपटली.

"ठराव पुढच्या महिन्यापासून," काजवाली म्हणाली. "तुमची शिक्षा अजून संपलेली नाही."

"नाहीच मुळी," मावशी म्हणाली, आणि निवडून आलेल्या माणसाच्या ऐटीत आपल्या कोपऱ्याकडे निघाली.