प्रशांत मांडवकरची जागा

ज्या गाडीला ब्रेकच नसतो, तिच्यावर बसलेल्या माणसाला 'जरा हळू घे' म्हणून सांगायचं, ही अक्कल त्या गाडीवर कधी न बसलेल्यालाच सुचते. प्रशांत मांडवकरचं वाटोळं झालं ते या एका वाक्यानं. सांगणारा माणूस दुष्ट नव्हता, आणि तेच मला जास्त झोंबतं. दुष्टाशी निदान भांडता तरी येतं.

प्रशांत संगमेश्वरकडचा. वय तेहतीस, अंगानं काटक, बोलणं तोडून तोडून. मस्कतला आला तो एसीच्या कामावर. ते सुटल्यावर मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोचवायला लागला. अल खौदला विद्यापीठाच्या अलीकडे चौघांत एक खोली. बायको शिवांगी आणि लहान मुलगी गावाला. आमच्या या शहरात जो तो चारचाकीतून फिरतो. दोन चाकांवर दिसतो तो कुणाचं तरी जेवण घेऊन निघालेला माणूस. लोक दार उघडतात, आधी घड्याळाकडे बघतात आणि मग त्याच्याकडे. नाव कुणी विचारत नाही. भैया, नाहीतर डिलिव्हरी. मी इथं आपल्या लोकांच्या पगार-व्हिसाच्या तक्रारी घेऊन कंपन्यांशी भांडते, त्यातूनच माझी त्याची ओळख.

एका शुक्रवारी त्याला शहराबाहेर, बरका गावाच्या बाजूला एका मैदानावरची ऑर्डर आली. बिर्याणी देऊन तो निघायचा तो निघालाच नाही. कठड्याला पोट टेकून उभा राहिला. समोर वाळू-खडीच्या लंबगोल ट्रॅकवर चार गाड्या पळत होत्या. दुसऱ्या कुणाचा तरी डबा त्याच्या पेटीत थंड होत राहिला, त्याची तक्रारही आली. पुढच्या शुक्रवारी तो तिथं ऑर्डर नसताना गेला.

हा खेळ इथं आणला एका म्हाताऱ्या इंग्रज इंजिनिअरनं. तेलकंपनीतून निवृत्त झाला आणि परत गेलाच नाही. चार गाड्या, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडं. एकच गिअर, ब्रेक नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि त्या घसरण्यावरच गाडी वळवायची. उजवी मूठ पिळलेली आहे तोवर गाडी तुमची. वळणात मूठ सोडली की चाक एकदम पकड घेतं आणि गाडी सरळ कठड्याकडे धाव घेते. हे प्रशांतनं मला चहाचा कप आणि बशी घेऊन समजावलं होतं. बशी फुटली.

खेळाबरोबर म्हाताऱ्यानं त्याच्या देशातले नियमही आणले. तो सांगायचा, तिकडं गावोगाव असे क्लब असतात. पैसेवाल्या क्लबानं सगळे चांगले रायडर उचलले तर बाकीच्यांच्या मैदानावर कुत्रंही फिरकायचं नाही. म्हणून प्रत्येक रायडरच्या गुणांची सरासरी काढायची. तो त्याचा आकडा. संघातल्या सगळ्यांच्या आकड्यांची बेरीज ठरलेल्या रेषेवर गेली की एकाला घरी पाठवायचं. शिवाय प्रत्येक संघात एक जागा पोराटोरांसाठी राखीव. एकवीस पुरी होईपर्यंत त्याचा आकडा बेरजेत धरत नाहीत, म्हणजे नवं रक्त तयार होतं. आणि तिकडं म्हणे रायडर क्लबाची मालमत्ता असायचा, 'ॲसेट' म्हणायचे. या क्लबाचा माणूस त्या क्लबाला मोसमापुरता उसना द्यायचे. मी म्हटलं, साहेब, हे तर आमच्या अर्बाब, म्हणजे मालक, आणि त्याच्या हातातल्या व्हिसासारखंच झालं. तो खूप हसला. मी हसले नव्हते.

नियम लीगसाठी चांगला आहे, हे मी भांडखोर बाईसुद्धा मान्य करते. चार संघ अजून उभे आहेत ते त्याच्याच जोरावर. पण तो खालून बघा. माणूस सुधारला की त्याचा आकडा वाढतो, आणि आकडा वाढला की तो संघात मावत नाही. प्रशांत अल खौदच्या संघात आला तो लहान आकड्याचा म्हणून. तो असल्यामुळं दोन तगडे रायडर बेरजेत बसायचे. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणायचा, "मी भरतीचा दगड, ताई. पण भिंतीत हाय ना."

भिंतीत असणं त्याला पुरत होतं. दर शुक्रवारी भोंग्यावरून त्याचं नाव आडनावासकट पुकारलं जायचं आणि ते तो फोनवर गावाकडे ऐकवायचा. शिवांगी मला एकदा फोनवर म्हणाली, शर्यत काय ती मला कळत नाही, पण नाव ऐकल्याबिगर पोरगी झोपत नाही.

मग मुआज आला. मस्कतचाच ओमानी, विद्यापीठात शिकणारा, वीस वर्षांचा, राखीव जागेवरचा. त्याला तयार करायचं काम संघाच्या मॅनेजरनं प्रशांतवर टाकलं. मुआज निडर होता, पण वळणात घाई करायचा. प्रशांत त्याच्या पुढं राहून वाट दाखवायचा: इथून आत, इथून बाहेर, आता पीळ. दुसऱ्याला दाखवता दाखवता तो स्वतःच शिकला. त्या मोसमात भरतीचा दगड चक्क जिंकायला लागला. मुआज त्याला मुअल्लिम म्हणायचा, म्हणजे मास्तर. प्रशांत लाजून नुसता हेल्मेट पुसायचा.

मोसम संपत आला तसा हिशेब मांडला गेला. मुआजला एकविसावं पुरं होणार, म्हणजे पुढच्या वर्षी त्याचा आकडा बेरजेत येणार. त्यात प्रशांतचा आकडा फुगलेला. दोघं मावत नव्हते. आणि मुआजला सोडायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मॅनेजर होता ऑलविन डाबरे. वसईचा, अल खुवैरला विम्याच्या ऑफिसात. माणूस प्रेमळ, प्रशांतला गणपतीत सुट्टी मिळेना तेव्हा स्वतःच्या घरी मोदक करवणारा. त्यानं प्रशांतला गाडीत बसवलं, एसी लावला आणि सगळं समजावून सांगितलं.

"पश्या, दोन मॅच राहिल्यात. तुझा आकडा जरा खाली आला ना, की सगळे बसतात."

"म्हणजे हरू?"

"हरू नको रे. जरा हळू घे. शेवटचा ये, बस."

"तेच ते."

"तुला काढायला लागू नये म्हणून सांगतोय. माझ्या जिवावर आलंय."

प्रशांत बरं म्हणाला. जागा राखायची तर हरायला हवं, एवढंच त्यानं त्यातून घेतलं. चार मोसम खालच्या पायरीवर काढले, आता पुन्हा एक पायरी उतरायची, त्यात काय.

पहिल्या मॅचला त्यानं ते नीट केलं. सुरुवातीची फीत वर गेली की मुद्दाम उशिरा सुटायचा आणि सगळ्यांच्या मागं, कुणाच्या आड न येता, धूळ खात फिरायचा. बघायला आलेली आपलीच पोरं ओरडली, आज जेवण थंड पोचणार रे. तो खाली मान घालून पिटमध्ये, रायडर गाड्या ठेवतात तिथं, गेला. मुआजला काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं मास्तरच्या गाडीत बिघाड आहे, आणि त्यानं रात्री जागून इंजिन खोललं.

दुसऱ्या मॅचला घात झाला तो प्रशांतच्या हातांनी. शेवटच्या शर्यतीत तो आणि मुआज एकत्र होते. फीत वर गेली आणि प्रशांतचा क्लच आपसूक सुटला. असा सुटला, की पहिल्या वळणाला तो सगळ्यांच्या पुढं. त्यानं नंतर मला सांगितलं, "ताई, हात विसरले. वळणात गेल्यावर मला आठवलं, की मला हरायचंय." आणि भर वळणात त्यानं मूठ सोडली.

मागं मुआज होता. मास्तरच्या चाकावर डोळा ठेवून, शिकवलं होतं तसा, हातभर अंतरावर. मास्तर तिथं मूठ सोडेल हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. प्रशांतची गाडी ताठ झाली, आडवी गेली आणि तो खाली आला. मुआज त्याच्या डाव्या गुडघ्यावरून गेला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा ऑलविन बाकड्यावर बसून रडत होता आणि मुआज भिंतीकडे तोंड करून उभा होता. जेवण पोचवणाऱ्या कंपनीच्या माणसानं आल्या आल्या सांगितलं, अपघात ड्यूटीवर झालेला नाही. मी त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. पुढं भांडून प्रशांतची नोकरी वाचवली. त्याला फोन उचलायला बसवलं. पण गुडघा माझ्या भांडणानं वळणार नव्हता. डॉक्टरीण आमिना म्हणून होती. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, चालेल, पण पाय एवढाच वाकेल. गाडीवर बसण्याइतका कधीच नाही.

नवा मोसम आला. संघ जाहीर झाला आणि त्यात प्रशांत मांडवकर हे नाव होतं. हरल्यामुळं आकडा उतरला होता, बेरजेत सगळे बसत होते. आणि लीगचा आणखी एक नियम असा, की जखमी रायडरचं नाव संघात ठेवता येतं आणि त्याच्या वाट्याच्या शर्यती बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या. म्हणजे प्रशांतच्या वाट्याच्या शर्यतीत तगडे रायडर पळणार. मोडक्या पायाचा प्रशांत क्लबाला धडधाकट प्रशांतपेक्षा कामाचा होता. मी ऑलविनला तोंडावर म्हटलं हे. तो म्हणाला, तसं नाही हो ताई, मला त्याला काढवत नाही. मला वाटतं, दोन्ही खरं होतं.

प्रशांत मात्र खूश दिसला. पहिल्या शुक्रवारी कुबडी घेऊन पिटमध्ये जाऊन बसला. भोंग्यावर पुकारलं, प्रशांत मांडवकरऐवजी मुआज. त्यानं फोन वर धरला. गावाकडे नाव पोचलं.

मुआज ती शर्यत शेवटचा आला. वळणाच्या आधीच मूठ सोडायचा आणि गाडी रांगत वळवायचा. सरळ रस्त्यावर वाघ, वळणात शेळी. त्या आठवड्यात तो प्रशांतच्या खोलीवर आला. तो रोजच यायचा, कधी खजूर, कधी ताक घेऊन. त्या दिवशी रिकाम्या हातानं आला आणि खाली जमिनीवर बसला.

"मुअल्लिम, वो रेस मेरा नहीं है," तो म्हणाला. "आपका नाम बोलते हैं, फिर मेरा बोलते हैं. मुझे वही दिखता है. आपके ऊपर से जा रहा हूँ."

मुआज गेल्यावर सोबत्यांना प्रशांतनं टीव्ही बंद करायला लावला आणि भिंतीकडे वळून पडून राहिला.

लीगच्या नियमात एक अट होती. जखमी माणसानं समितीपुढं येऊन स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं, की मी याच मोसमात परत उतरणार. नाहीतर नाव काढायचं. दुसऱ्या संघांनी कुरकुर केली, म्हणून समितीनं त्याला अल खुवैरला बोलावलं. ऑलविनच्याच गाडीतून गेलो. ऑलविन वाटेत म्हणाला, "पश्या, फक्त इन्शाल्ला म्हण. ते खोटं पण होत नाही."

आणि खरंच, या देशात त्या शब्दावर सगळं चालतं. पगार कधी, इन्शाल्ला. व्हिसा कधी, इन्शाल्ला. तो ऐकला की समोरचा पुढं विचारत नाही. समितीही तेवढंच ऐकायला बसली होती. समितीवर बसलेल्या त्या इंग्रज म्हाताऱ्यानं प्रश्न विचारला आणि पेनाचं टोपण लावून ठेवलं. प्रशांत कुबडीवर उभा होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता. त्यानं उलट विचारलं, तुमच्या देशात अशा वेळी काय सांगतात?

म्हातारा ओशाळून हसला. म्हणाला, तिकडंही सगळे हो म्हणतात.

प्रशांतनं मान हलवली. "नो सर," तो म्हणाला. "खलास."

ऑलविन खाली बघत होता. म्हाताऱ्यानं टोपण परत काढलं आणि नाव खोडलं. जिन्यावरून उतरताना मी हात द्यायला गेले तर प्रशांतनं तो झटकला. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, जागेसाठी एकदा हरलो, बस झालं.

पुढच्या शुक्रवारी मीच त्याला मैदानावर नेलं. संघात नाही म्हणून पिटमध्ये सोडत नव्हते. दारावरचा माणूस ओळखीचा, तोही कावराबावरा झाला. आम्ही लोकांत, दोरीच्या बाहेर उभं राहिलो. प्रशांतच्या मोकळ्या झालेल्या जागेवर अल मवालेहच्या भाजी मार्केटातला एक नवा पोरगा घेतला होता. तो बरा पळाला. मुआजची शर्यत आली, त्याची स्वतःची, कुणाच्या ऐवजी नाही. सुटला छान. वळण यायच्या आधीच त्यानं मूठ सोडली. प्रशांत दोरीवर वाकून ओरडला, "पीळ! अरे पीळ!" इंजिनांच्या आवाजात ते माझ्यापर्यंतही धड पोचलं नाही. दुसऱ्या वळणाला तेच. तिसऱ्याला तेच. मुआज शेवटचा आला.

हेल्मेट हातात घेऊन तो सरळ दोरीपाशी आला. म्हणाला, नाही होत मुअल्लिम, आज शेवटचं, यापुढं गाडी नाही. प्रशांतनं त्याला आईवरून अस्सल संगमेश्वरी शिव्या घातल्या. एक अक्षर न कळता मुआज त्या ऐकत उभा राहिला. मग प्रशांतच्या शिव्या संपल्या. मुआजच्या बाहीला लागलेली वाळू तो बराच वेळ हातानं झाडत राहिला. ती कधीच गेली होती तरी झाडत होता.

"ताई, चला," तो मला म्हणाला. अजून निम्म्या शर्यती बाकी होत्या.