बिंदुसरेवरच्या दोन कविता

मित्रांनो, अजून अंगावर काटा आहे! निजामाच्या काळात आमचे पणजोबा उर्दू शाळेत शिकले. त्यांची वही घरात कुणालाच वाचता येत न्हवती. आज ती बीडच्या फळवाल्या रहीमचाचांकडं नेली.

चाचा दोन ओळी वाचून ओरडलेच, "अरे, अक्षरं उर्दू हायेत, पर कविता तर मराठी हाय!"

शेजारच्या पानावर पणजोबांच्या दोस्ताची उर्दू कविता निघाली. चाचांनी अर्थ सांगितला. दोघांचा विषय एकच, बिंदुसरा नदी. पणजोबा तिला आई म्हणून पाणी मागतात. दोस्ताला ती मागं वळून न बघता निघून जाणारी प्रेयसी वाटते.

मला दोस्ताची कविता लई आवडली, चाचांना पणजोबांची. तासभर भांडलो आमी!

तुमी कुणाच्या बाजूनं?