गोवर गेला नव्हता

"ताई, हिला लहानपणी गोवर निघाला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"व्हय. वर्षाची होती तवा. आठ दिवसांत बरी झाली."

त्यांनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. "बरी झाली नव्हती. गोवराचा विषाणू तिच्या मेंदूत दडून बसला, तो आता उठलाय. याला एसएसपीई म्हणतात. मेंदू हळूहळू निकामी होत जातो."

"औषध?"

"झटके कमी करायचं आहे. बरं करणारं नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

पूजा माझी एकुलती एक, नऊ वर्षांची. सुरुवात लई साधी होती. हातातली पेन्सिल गळायची. पाढे विसरली. शाळेतनं चिठ्ठी आली, लक्ष देत नाय म्हणून. मी तिला दोन चापट्या मारल्या. त्या चापट्या अजून माझ्या हाताला लागतात.

मग जेवताना मान झपकन खाली जायची. कुणी फिट म्हणलं, कुणी बाहेरचं म्हणलं. त्यात महिना गेला. मोठ्या दवाखान्यात डोक्याला तारा लावून ईईजी काढला, म्हणजे मेंदूतल्या विजेची तपासणी. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं. रिपोर्टला बारा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत तिला जिना चढता येईना.

आम्ही कन्नड तालुक्यातले, मेंढरांमागं फिरणारे. पूजा तान्ही होती तवा दुष्काळ पडला, चाऱ्यासाठी लांब गेलो होतो. एका गावाबाहेर आमच्या पालावर नर्सबाई आल्या. "नऊ महिन्यांची झाली ना? गोवराची लस आजच देते." मी नको म्हणलं. दुसऱ्या दिवशी वाट चालायची होती, पोरगी तापली तर? बाई लई समजावत होत्या. मी पूजाला पदराखाली घेतलं. तीन महिन्यांनी गोवर निघाला. पुढं मेंढरं विकली, शहरात बांधकामावर लागलो. पडेगावकडं रोज नवी इमारत उठत होती. लसीचं मनातनंच गेलं.

हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि नाकात घातलेल्या नळीतनं कसं भरवायचं ते मला दोनदा करून दाखवलं. त्यांचे उपकार विसरणार नाय.

आता पूजा बोलत नाय, ओळखत नाय. माझ्यासारखी कुणी हे वाचत असेल तर तिला एवढंच सांगते. लसीचा ताप दोन दिवसांत उतरतो.

शेजारची शारदा बाळाला लसीला नेत नव्हती. "लई रडतंय वो," म्हणायची. एकदा पूजाला नळीतनं पेज घालताना मी तिला हाक मारली. "बस इथं." ती बसली. पेज संपेपर्यंत बघत राहिली.

बुधवारी ती बाळाला लसीला घेऊन गेली. त्या दिवशी दुपारभर पत्र्याच्या पलीकडं ते बाळ रडत होतं. मी पूजाचे ताठलेले हात चोळत ऐकत बसले. शारदा म्हणाली, "वैनी, तरास होतोय का आवाजाचा?"

"नाय," म्हणलं. "रडू दे त्याला."