आप्पांनी नाकारलेला विक्रम

रस्ता मंजूर करण्याआधी आप्पा चपला काढत. आमच्या नाशिकच्या हौशी मोटारसायकल मंडळात वेगाचा विक्रम त्यांच्या सहीशिवाय मान्य होत नसे, आणि विक्रमाच्या आदल्या दिवशी आप्पा अख्खा रस्ता अनवाणी चालत. "डोळ्याला नाय दिसत ते तळव्याला लागतं," म्हणायचे. सापडलेला प्रत्येक खडा खिशात टाकायचे. संध्याकाळपर्यंत सदरा एका बाजूला ओघळलेला असे.

मनमाडला रेल्वेत नोकरी झालेली, त्यामुळे वेळेच्या बाबतीत माणूस कडक. पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका, द्राक्षांचे ट्रॅक्टर अडवायला माणसं, सगळं तेच जमवत. नियम मात्र एका वाक्यात सांगत: "गेला त्यो अर्धा, आला त्यो पुरा." मोजलेल्या अंतरावरून एकदा जायचं, तासाभराच्या आत उलट दिशेने परत यायचं आणि दोन्ही वेगांची सरासरी काढायची. वाऱ्याची फुकटची मदत कुणाला मिळू नये, म्हणून हा खटाटोप.

मला विक्रम हवा होता, आणि त्याहून जास्त आप्पांची शाबासकी. कित्येक वर्षं मी त्यांच्याबरोबर अंतर मोजायची टेप धरून उन्हातान्हात फिरलो होतो. मग राजू आला. ओझरच्या कारखान्यात कामाला, हसरा, बेफिकीर. पहिल्याच दिवशी आप्पांनी त्याला आपल्या डब्यातली भाकरी मोडून दिली. मला कधी "जेवलास का?" असंही विचारलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दिंडोरीकडे एक नवा रस्ता झाला होता, वाहतूक अजून सुरू व्हायची होती. त्या सकाळी आधी राजू निघाला. तो समोरून सुसाट गेला तेव्हा माझ्याही तोंडून "वा!" निघालं, आणि त्याचाच मला भयंकर राग आला. मी मागे फिरून माझी गाडी तयार करायला लागलो. बराच वेळ झाला तरी राजू परतेना, म्हणून पलीकडच्या टोकाला गेलो. तिथे नारळ फुटला होता, पेढे वाटून झाले होते, राजूच्या आईने त्याला ओवाळलं होतं आणि तो मित्रांच्या खांद्यावर होता. तास केव्हाच उलटला होता.

"विक्रम नाय," आप्पा म्हणाले.

राजूची आई गयावया करू लागली. "नियम हाय, बाई. माझ्या घरचा असता तरी हेच बोललो असतो."

मग मी गेलो आणि वेळेत परत आलो, राजूपेक्षा बराच हळू. आप्पांनी सही केली. माया राजूवर असली तरी न्याय माझ्या बाजूने आहे, या समाधानावर मी पुढची काही वर्षं काढली.

शेवटच्या आजारपणात त्यांना भेटायला गेलो, तेव्हा न राहवून विचारलं, "आप्पा, त्या दिवशी राजूला परत फिर म्हणून सांगायचं काम तुमचंच होतं ना?"

ते खुदकन हसले. "ध्यानातच राह्यलं नाय रे. मी पण टाळ्या वाजवत व्हतो."

"आणि माझ्या वेळी?"

"तुझ्या वेळी घड्याळावरची नजर हलली नाय माझी."

आप्पा गेले. विक्रम अजून माझ्याच नावावर आहे. राजूला एकदा म्हणालो, "हा विक्रम तू घे, त्या टाळ्या मला दे." त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.