फक्त हात दिसू द्या

महाळुंग्यात गवराबाईंच्या सहा खोल्या भाड्यानं आहेत, आणि त्यातला कुठला नळ गळतोय हे त्यांना ओसरीवर बसून नुसत्या कानानं कळतं. हा कान त्यांना पॉलीहाऊसनं दिला. नऊ वर्षं त्यांनी स्वतःच्या रानात जरबेरा केला. छताखाली फॉगरच्या ओळी, ठरल्या वेळी फुस्स करून धुकं सोडणाऱ्या. शंभरातला एखादा तुंबला तरी बाई फुलं खुडता खुडता म्हणायच्या, "चौथ्या वळीत बघा, एक खोकतोय." मग रानात गोडाऊन उभं राहिलं, पॉलीहाऊसचे पाइप भंगारात गेले. फॉगर तेवढे पोत्यात बांधून माळ्यावर राहिले.

"त्याचं काय लोनचं घालनार हायेस?" नवरा, तात्याबा, दरवर्षी साफसफाईला विचारायचे.

त्या पोत्याला काम आणलं अजिंक्यनं. तीन नंबरच्या खोलीतला भाडेकरू, गडहिंग्लजकडचा, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. कॉन्ट्रॅक्टला ब्रेक मिळाला तसा गावी निघाला, आणि जाताना काचेचं एक कपाट ओसरीवर आणून ठेवलं. आत फांदीला बिलगलेला हिरवागार इग्वाना, शेपटीसकट दोन हात लांब.

"मावशी, दिवाळीपर्यंत सांभाळा. पालाच खातो फक्त."

"सरडा हाय ह्यो."

"परदेशी आहे. वनखात्यात माझ्या नावावर नोंद आहे, काळजी नको. माझी खोली पण ठेवा."

"आन तू आलाच न्हाईस तर?"

"तर तो तुमचा. तुमच्याशिवाय आहे कोण मला इथं?"

हे शेवटचं वाक्य गवराबाईंनी त्या आठवड्यात तीन बायकांना सांगितलं.

फांदीवर बसून सगळ्यांवर डोळे वटारतो म्हणून त्यांनी त्याचं नाव पाटील ठेवलं. चौथ्या दिवशी त्यांना पाटलाची बोटं दिसली. जुनी कात निघायची ती निघालीच नव्हती, बोटाबोटाला कड्यासारखी आवळून बसली होती. एका बोटाचं टोक तर गेलंच होतं. सून तनुजा त्याला कापडी पिशवीत घालून चिंचवडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, हवा कोरडी आहे. ओलावा द्या, नाहीतर बाकीची बोटंही जातील.

"वलावा व्हय," गवराबाई म्हणाल्या, आणि शिडी मागितली.

पोतं खाली आलं. फॉगरला चार तोंडं. एवढ्याशा कपाटाला चार म्हणजे पूर यायचा, म्हणून तीन बुजवली. तनुजाच्या जुन्या पाण्याच्या फिल्टरमधला पंप काढला, त्याचीच पांढरी नळी जोडली, कपाटाच्या वरच्या जाळीला भोक पाडून फॉगर उलटा टांगला. खाली परातीला नळी लावून पाणी बाहेर काढलं. बटण दाबलं आणि कपाट धुक्यानं भरलं. पाटलानं डोळे मिटून मान वर केली.

चार दिवसांनी फॉगर खोकला. धुक्याऐवजी पिचकारी. काचेवर पांढरे डाग.

"बोअरचं पानी," गवराबाईंनी लगेच ओळखलं. तोंड रात्रभर लिंबाच्या पाण्यात भिजत घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाटलाला फिल्टरचं पाणी सुरू झालं.

"मानसं बोअरचं पित्यात आन सरड्याला फिल्टर," तात्याबा म्हणाले.

"तुमची बोटं गळाया लागली की तुमालाबी दीन."

अजिंक्यचा रोज फोन. "मावशी, करमत नाही हो. फवाऱ्याचा व्हिडिओ पाठवा." तनुजा काढायला लागली. "आणि तुम्ही समोर नका येऊ, तो बुजतो. फक्त हात दिसू द्या." म्हणून फक्त हात. कढीपत्ता धरलेले, बटण दाबणारे, ओल्या कापडानं एकेका बोटाची कात सोडवणारे. महिनाभरात सगळी कडी निघाली, एक सोडून.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दारात गाडी थांबली. पिंपळे सौदागरची स्वरूपा, आयटीतली, हातात पुठ्ठ्याचा खोका.

"अजिंक्य सरांचं फार्म हेच ना? तुम्ही केअरटेकर काकू?"

"कसलं फार्म?"

स्वरूपानं मोबाइल पुढे केला. गवराबाईंच्या हिरव्या बांगड्या, गवराबाईंचा हात, धुकं. "ये पाटला, घे रं" म्हणणारा आवाज तेवढा नव्हता. तिथं बासरी वाजत होती. खालची अक्षरं तनुजानं वाचली. "आमच्या फार्मवर वाढवलेला. सोबत मी स्वतः बनवलेली मिस्टिंग सिस्टिम." मग तिनं तारीख बघितली. "आत्या, ही जाहिरात आपण पहिला व्हिडिओ पाठवला त्याच दिवशीची आहे."

गवराबाईंनी फोन लावायला सांगितलं.

"अहो मावशी, मी सांगणारच होतो."

"कवा?"

"तुमचीच कटकट गेली ना."

"तुमचा म्हनला व्हतास."

"ते आपलं बोलण्यात येतं, मावशी. बोलण्यातलं कुणी धरून बसतं का? मॅडमना पंप, पाइप सगळं द्या, सेटमध्ये धरलंय. आणि खोक्यात घालतानाचा एक व्हिडिओ पाठवा, पोच म्हणून."

फोन ठेवल्यावर स्वरूपाच घाबरी झाली. "काकू, मला खरंच माहीत नव्हतं. मी जाते."

गवराबाई काचेपाशी गेल्या. मागच्या डाव्या पायाचं शेवटचं बोट अजून आवळलेलं होतं.

"तुमी न्हाई नेला तर त्यो दुसऱ्याला इकंल. कागूद त्याच्या नावचा. तुमच्याकडं पानी कुठलं?"

"बोअर. कधी टँकर."

"मंग फिल्टरचंच घाला. दिसातून चारदा, मोजून दोन मिनिटं. आता डोळं मिटा." त्यांनी बटण दाबलं. "ह्यो आवाज ध्यानात ठिवा. खोकला की लिंबाच्या पान्यात. आन हे बोट वडू नका. आपोआप सुटंल, आठ दिस घ्या."

स्वरूपानं डोळे मिटूनच मान हलवली.

मग नळी, पंप, फॉगर, परात, सगळं त्यांनी स्वतः सोडवून, पुसून दिलं. पाटील खोक्यात जाताना त्यांच्या बाहीला नखं रोवून बसला. ती एकेक करून त्यांनीच सोडवली. गाडी वळणावरून गेली.

"व्हिडिओ राहिला," तनुजा हळूच म्हणाली.

"काढ की."

तनुजानं सवयीनं मोबाइल त्यांच्या हातांवर धरला.

"वर घे. त्वांड येऊ दे."

गवराबाईंनी पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडं बघितलं.

"अजिंक्य, फॉगर माझ्या रानातला व्हता. त्यो म्या पाटलाला दिला, तुला न्हाई. तुझी खोली दोन महिनं रिकामी ठिवली व्हती. तुझी गादी, बादली आता ओट्यावर काढून ठिवतीया. येऊन घेऊन जा. आन मला मावशी म्हनू नगंस. ते बी बोलन्यातलंच व्हतं."

तनुजानं बटण दाबलं. "आत्या, पण ह्यात इग्वाना दिसतच नाही."

"नसू दे. पाठव."